कोऱ्या चिपेवरील स्वाध्याय



खानदेशातील शेतकऱ्याला रात्री-अपरात्री येणारी वीज परिचित आहे. केळीच्या बागेला पाणी देण्यासाठी अंधारात विहीर गाठण्याचा फेरा चुकावा, म्हणून पंपाच्या स्टार्टरला ‘ऑटो’ जोडण्याची रीत रूढ झाली. वीज आली की पंप आपोआप सुरू होतो. जळगाव-धुळ्याच्या इलेक्ट्रॉनिक्सच्या विद्यार्थ्याला याहून जवळचा विषय कोणता?

इंटेलने १९८० मध्ये आणलेल्या ८०५१ या मायक्रोकंट्रोलरमध्ये प्रोग्रॅमसाठी ४ किलोबाइट आणि तात्पुरत्या स्मृतीसाठी अवघे १२८ बाइट जागा असते. ऑपरेटिंग सिस्टिम नाही, हाताशी तयार लायब्ररी नाही. अशा कोऱ्या चिपेशी थेट बोलणे म्हणजेच बेअर मेटल प्रोग्रॅमिंग. ही विद्या केवळ वाचून येत नाही; ती हातांनीच साधावी लागते.

पहिला स्वाध्याय एलईडी अर्ध्या सेकंदाने लुकलुकविण्याचा. १२ मेगाहर्ट्झच्या क्रिस्टलवर टायमरची एक मोजणी एक मायक्रोसेकंदाची. सोळा बिटांचा टायमर ६५,५३६ वर भरून वाहतो. म्हणून १५,५३६ पासून आरंभ केला की ५०,००० मोजण्या मिळतात. असे दहा फेरे म्हणजे अर्धा सेकंद. हे गणित स्वतः मांडणाऱ्याला काळ हाती आल्याचा आनंद होतो.

दुसरा स्वाध्याय बटणाचा. एकदा दाबलेले बटण अनेकदा दाबल्यासारखे मोजले जाते, कारण धातूचे संपर्क काही मिलिसेकंद थरथरतात. सुमारे २० मिलिसेकंद थांबून पुन्हा पाहणे, हा त्यावरील उपाय.

तिसरा स्वाध्याय रिलेचा आणि तोच खरा गुरू. वीज परत येताच ८०५१ रीसेट होतो आणि त्याचे सर्व पोर्ट ‘एक’ या स्थितीत जातात. रिले ‘एक’वर ओढली जाणारी असेल, तर प्रोग्रॅमची पहिली आज्ञा चालण्यापूर्वीच पंप फिरू लागेल! त्याच क्षणी वीज नाही असे समजून कोणी मोटारीची जोडणी सोडवीत असेल तर? प्रोग्रॅम कितीही निर्दोष असला तरी तो येथे हतबल आहे. रिले ‘शून्य’वरच ओढली जाईल अशी मंडलरचना हाच उपाय. अर्थात हा अभ्यास पाच व्होल्टची रिले आणि एलईडी यांवरच करावा. तीन फेजच्या मोटारीला शिकाऊ हात लागू नये.

सी-डॅकने ‘वेगा’ हे भारतीय प्रोसेसर विकसित केले आहेत. त्यांवर काम करण्याची संधी आज उपलब्ध आहे. चिप बदलली की रीसेटनंतरची स्थितीही बदलते. मात्र डेटाशीट उघडून ती तपासण्याची सवय तीच राहते.

दुसऱ्याचा प्रोग्रॅम उतरवून दिवा लागतो, विश्वास लागत नाही. ज्याच्या यंत्रावर शेतकऱ्याचे पीक आणि प्राण विसंबणार, त्याने प्रत्येक पिनचा स्वभाव स्वतः पारखलेला असावा. हे व्रत खानदेशातील तरुणांनी घ्यावे.