चुन्याची डबी

फेब्रुवारी लागला की मला दरवर्षी एकच मेसेज येतो, "दादा, व्हॅलेंटाइनला द्यायला हाताने केलेलं काहीतरी सांग ना, स्वस्तातलं." तर आजचा भाग डबीवर. बामची, पेपरमिंटच्या गोळ्यांची, अशी मुठीत मावणारी पत्र्याची डबी. ती रंगवायची, आत चिठ्ठी घालायची आणि द्यायची. कृती सांगणार आहेच. पण आधी माझ्या हातून काय झालं ते ऐका.

आमचं गाव सिद्धगडाच्या पायथ्याला, नारिवलीच्या बाजूला. तालुका मुरबाड. बाहेरची माणसं आमच्याकडे एक तर गड चढायला येतात, नाहीतर २ जानेवारीला. भाई कोतवाल आणि हिराजी पाटील १९४३ साली त्याच तारखेला इथे हुतात्मा झाले, म्हणून त्या पहाटे स्मारकापाशी गर्दी असते. मग पौष पौर्णिमेला म्हशाची जत्रा लागते. ती उठली की सगळं शांत. ओढा आटत आलेला, काटेसावर लाल झालेली, आणि हाताला काम नाही. दोन वर्षांपूर्वी अशाच रिकाम्या दिवसांत मला एका मुलीला काहीतरी द्यायचं होतं. ती कॉलेजला जाताना एसटीत भेटायची. बाजारात लाल मखमली बदाम टांगलेले होते, पण किंमत विचारून परत आलो.

माळ्यावर शोधाशोध केली तर आजोबांची चुन्याची डबी सापडली. तुमच्यातल्या काहींनी पाहिली असेल. दोन तोंडांची असते. एका बाजूला तंबाखू, दुसऱ्या बाजूला चुना. ही पितळेची होती, पण काळी पडलेली. आजोबा जाऊन चार महिने झाले होते. मला वाटलं, झकास, जुनं पितळ आहे, घासू, रंगवू, एका तोंडात चॉकलेट आणि दुसऱ्यात चिठ्ठी. आयडिया वाईट नव्हती, अजूनही नाही.

ओट्यावर बसलो आणि सगळ्यात खरखरीत पॉलिश पेपर घेऊन घासत सुटलो. झाकणावर मळात काहीतरी ठिपके होते. मला वाटलं, पोचे आलेत. अर्धं झाकण लख्ख झालं तेवढ्यात आजी आली. डबी हातात घेतली, झाकणावरून अंगठा फिरवला, परत फिरवला.

"दोन होती रं सारखी. एक कुठं गेलं?"

आजीला वाचता येत नाही. पण झाकणावर दोन सारख्या खुणा आहेत हे तिच्या अंगठ्याला माहीत होतं. मी उजेडात धरून पाहिलं. ठिपक्यांनी ठोकलेलं एक अक्षर उरलं होतं, "बा". त्याच्या आधीचं मी घासून टाकलं होतं.

मग तिने सांगितलं. डबी म्हशाच्या जत्रेतली. लग्नानंतर सात-आठ वर्षांनी, भात विकून हातात थोडे पैसे आले तेव्हा तिने स्वतः घेतलेली. आजोबांना न सांगता. भांडीवाला तेव्हा छिन्नीने ठोकून ठोकून नाव घालून द्यायचा. तुमच्या घरातल्या जुन्या तांब्या-पातेल्यांवर बघा, आजीचं, पणजीचं नाव असंच सापडेल. भांडीवाल्याने विचारलं, "नाव काय घालू बाई?" आता आली पंचाईत. आजीने नवऱ्याचं नाव उखाण्यात घेतलं असेल तेवढंच. भर जत्रेत परक्या माणसासमोर कसं घेणार? ती गप्प. माझे वडील तेव्हा पाचेक वर्षांचे, तिचा पदर धरून उभे. भांडीवाल्याने त्यांनाच विचारलं, "बाला, तुझ्या बापाचं नाव काय?" त्यांनी खणखणीत आवाजात सांगितलं, "बाबा!" भांडीवाल्याने "बाबा" ठोकलं, पैसे घेतले, पुढचं गिऱ्हाईक.

आजोबा हसले होते म्हणे. पण डबी त्यांनी कधी बदलली नाही.

मला काय बोलावं ते सुचेना. "परत ठोकून आणतो," म्हटलं. ती म्हणाली, "नको. तू ठोकशील ते तुझं." आणि डबी घेऊन आत गेली. रागावली असती तर बरं झालं असतं.

तर आता कृती. पहिली गोष्ट, डबी घरातली असेल तर कुणाची होती ते विचारून घ्या. मळ काढायला आधी कोमट पाणी, साबण आणि जुना टूथब्रश, पॉलिश पेपर नाही. लोखंडी पत्र्याची डबी धुतली की लगेच पुसून उन्हात ठेवा, नाहीतर कडांना गंज धरतो. रंग धरायला पत्रा थोडा खरखरीत लागतो, त्यासाठी २२० नंबरचा पेपर हलक्या हाताने पुरे. गुळगुळीत पत्र्यावर थेट ॲक्रिलिक लावला तर नखाने सालपट निघतं, म्हणून आधी प्रायमर. ग्रिलवाले खिडक्यांना लावतात तो रेड ऑक्साइड त्यांच्याकडे अर्धी वाटी मागून आणा. तो लोखंडासाठी असतो, ॲल्युमिनियमवर किंवा पितळेवर नीट बसत नाही. म्हणूनही पितळ रंगवण्याच्या भानगडीत पडू नका. झाकण जिथे बसतं त्या कडेला रंग लावायचा नाही. माझी दुसरी डबी अशीच चिकटली आणि शेवटी पक्कडने उघडली.

रेड ऑक्साइड वाळला की हुबेहूब गेरूने सारवलेल्या भिंतीसारखा दिसतो. त्यावर पांढऱ्या रंगाने वारली चित्र खुलतं. तांदळाच्या पिठाने करून बघू नका, पत्र्यावरून ते भुकटी होऊन झडतं. बांबूची काडी टोकाला ठेचून घ्या, तिने ठिपके बारीक येतात. दोन त्रिकोण टोकाला टोक लावून काढले की माणूस तयार.

इथे एक सांगतो, पटलं तर घ्या. इंटरनेटवर वारली म्हणून जे फिरतं त्यात लग्नाचा चौकही असतो. तो चौक लग्नाच्या वेळी घराच्या भिंतीवर काढतात, सवाशिणी काढतात, आत पालघट देवी असते. गंजाडच्या जिव्या सोमा मशे यांनी १९७०च्या दशकात ही कला लग्नाच्या भिंतीवरून कागदावर, कापडावर आणली आणि जगभर नेली. २०११ साली त्यांना पद्मश्री मिळाली. त्यांनी कागदावर काढलं म्हणून मीही खुशाल काढतो. पण चौक मी डबीवर काढत नाही. डोंगर काढतो, झाडं काढतो. सिद्धगड काढायला सोपा आहे, खाली माचीची रुंद पायरी आणि वर बालेकिल्ला. जोडी म्हणून मच्छिंद्रगड आणि गोरखगड शेजारी शेजारी छान दिसतात, पण ते पडले गुरू-शिष्य. व्हॅलेंटाइनला जरा विचित्र वाटतं.

वरून वॉर्निशचा हात द्या आणि दोन दिवस वास जाऊ द्या. आत खाऊ ठेवणार असाल तर बटर पेपर घाला, उघडा खाऊ रंगाला लागू देऊ नका. आणि चुन्याची जुनी डबी असेल तर खाऊ नकोच, चिठ्ठीच ठेवा.

डबीत घालून प्रेम पाठवायची रीत काही आजची नाही, बरं का. १९१४च्या नाताळात इंग्लंडच्या राजकन्या मेरीच्या नावाने सैनिकांना पितळी डब्या वाटल्या होत्या, आत तंबाखू, सिगारेटी. फ्रान्समध्ये लढणाऱ्या हिंदुस्थानी शिपायांसाठी वेगळी भेट केली होती, त्यात खडीसाखर आणि मसाले होते. कुणाला काय आवडेल याचा विचार केला होता म्हणायचा. माझ्या आजीने तंबाखू खाणाऱ्याला तंबाखूची डबी दिली, तसंच.

बऱ्याच जणांनी विचारलंय, शेवटी त्या मुलीला काय दिलंस? बामची डबी दिली, सिद्धगड काढलेली. पुढचं माइकवर सांगणार नाही.

पितळेची डबी आजीकडेच आहे. एका तोंडात तिच्या बीपीच्या गोळ्या असतात, दुसऱ्यात सुटे पैसे. गोळी काढली की झाकण लावते आणि त्या उरलेल्या "बा"वरून अंगठा फिरवते. मी समोर असलो की मुद्दाम जरा जास्त वेळ फिरवते.