मोटारीच्या एंजिनांतील दांतेरी पट्टा

मोटारीच्या चाकांतील हवा गेली तर ती डोळ्यांस दिसते, बॅटरी क्षीण झाली तर दिवे मंदावतात; परंतु एंजिनाच्या एका अंगास, झांकणाआड फिरणारा टायमिंग बेल्ट पुष्कळदां कांहींच सूचना न देतां तुटतो. ज्या श्रोत्यांच्या दारीं मोटार उभी आहे, त्यांनीं ह्या मूक सेवकाची ओळख करून घेणें हिताचें आहे.

एंजिनाचा खालचा आंस, म्हणजे क्रँकशाफ्ट, दट्ट्यांच्या गतीनें फिरतो. वरचा आंस, म्हणजे कॅमशाफ्ट, झडपांची उघडझांप करतो. खालच्याचे दोन फेरे होतात तेव्हां वरच्याचा एकच व्हावा लागतो. म्हणून वरच्या दंतचक्रास खालच्याच्या दुप्पट दांते असतात. हा ताल पट्टा राखतो. एंजिन मिनिटास ३,००० फेरे घेत असतां प्रत्येक झडप सेकंदास २५ वेळां उघडते व मिटते. इतक्या लगबगींत पट्टा एक दांता जरी सरकला, तरी ताल बिघडतो.

पूर्वीं हें काम पोलादी सांखळी किंवा दंतचक्रें करीत. १९६२ सालीं जर्मनींतील ग्लास कंपनीच्या १००४ ह्या मोटारीनें रबरी दांतेरी पट्टा प्रचारांत आणला. पुढें १९८३ सालीं भारतांत आलेल्या मारुती ८०० मध्येंही तोच होता. आज कित्येक मोटारींत पुन्हां सांखळीच असते. आपल्या मोटारींत काय आहे, तें पुस्तिकेंत पाहावें. पट्टा हलका असतो व आवाज करीत नाहीं. त्याच्या रबराच्या पोटांत कांचतंतूंचे दोर असतात. सांखळी झिजली म्हणजे बहुधा खडखडूं लागते. पट्टा मात्र शेवटपर्यंत शांत राहतो. त्याचा हा गुणच मालकास घातक ठरतो.

पट्टा तुटला कीं वरचा आंस थबकतो, परंतु खालचा वेगाच्या भरांत फिरतच राहतो. पुष्कळ एंजिनांत उघडी झडप व वर येणारा दट्ट्या ह्यांची वाट एकच असते. अशा एंजिनांत दट्टे झडपांवर आदळून झडपा वांकतात, आणि पट्ट्यापुरता खर्च टाळणाऱ्यास सगळें एंजिन उघडावें लागतें.

म्हणून पट्टा तुटण्याची वाट न पाहतां तो मुदतींत बदलावा. पुस्तिकेंत किलोमीटर व वर्षें अशा दोन मर्यादा दिलेल्या असतात. जी आधीं संपेल ती खरी. मोटार उभी राहिली तरी रबराचें वय थांबत नाहीं. जुनी मोटार घेतली आणि पट्टा बदलल्याची नोंद नसली, तर मुदत संपलीच असें समजावें. तेलाची गळती असेल तर ती आधीं बंद करावी. तेल रबरास खातें.

हें काम जाणत्या मिस्त्रीचें आहे. तथापि त्याचा क्रम मालकास ठाऊक असावा. एंजिन थंड असावें व बॅटरीची ऋण तार सोडलेली असावी. पहिला दट्ट्या शिखरावर आणून दोन्ही चक्रांच्या खुणा जुळवाव्या, ताण देणारें चाक सैल करावें व पट्टा उतरवावा. त्यानंतर कोणताही आंस हलूं देऊं नये. नवा पट्टा दुमडूं किंवा पिळूं नये. ताणाचें चाक त्याबरोबरच बदलावें; पाण्याचा पंप त्याच पट्ट्यावर चालत असेल तर तोही बदलणें शहाणपणाचें, कारण तेथवर पोंचण्याची मजुरी पुन्हां पडत नाहीं.

नवा पट्टा ताणल्यावर एंजिन लगेच सुरू करूं नये. पान्यानें खालचा आंस हळूहळू दोन पूर्ण फेरे फिरवावा आणि खुणा पुन्हां जुळतात कीं नाहीं तें पाहावें. हातास अडथळा लागला तर जोर न करतां थांबावें. जोर केल्यास झडप वांकण्याचा संभव असतो. हे दोन फेरे झाले कीं नाहीं, एवढें मालकानें अवश्य विचारावें; आणि त्या दिवसाची तारीख व किलोमीटरचा आंकडा घरच्या वहींत लिहून ठेवावा. पट्टा स्वतः बोलत नाहीं. त्याच्या वतीनें ती नोंदच बोलेल.