पुठ्ठ्याचे खोके



आज आपण एका साध्या वस्तूविषयी बोलू. ती वस्तू म्हणजे पुठ्ठ्याचे खोके. दुकानात साबण येतो तो खोक्यातून. नाशिककडची द्राक्षे बाहेरगावी जातात ती खोक्यातून. आंबा पूर्वी लाकडी पेटीत जाई, आता तोही खोक्यात बसला आहे.

खोके इतके हलके, मग ओझे कसे पेलते? त्याची कड फाडून पाहा. दोन सपाट कागद दिसतील. त्यांच्यामध्ये एक नागमोडी कागद दिसेल. या लाटांनीच पुठ्ठ्याला बळ येते. १८७१ साली अमेरिकेत आल्बर्ट जोन्स यांनी बाटल्या गुंडाळण्यासाठी लाटांचा कागद काढला. पुढे त्याला सपाट कागद चिकटवू लागले.

घरात रिकामे खोके आले की पोरांना आनंद. दोरी बांधली की झाली गाडी! कोंबडीच्या पिलांनाही त्यात ऊब मिळते. मग खोके टाकवत नाही. "असू दे, उपयोगी पडेल," असे आपण म्हणतो.

आम्हीही तसेच म्हणालो. घरचे कागद एका खोक्यात भरले. खोके भिंतीला लावून जमिनीवर ठेवले. पावसाळा संपल्यावर ते उचलायला गेलो, तर बूड खालीच राहिले! वाळवीने वडिलांच्या वेळचे खरेदीखत निम्मे खाल्ले होते. घरची मंडळी म्हणाली, "अहो, गावाला शहाणपण सांगता, नि स्वतःचे कागद असे ठेवता होय?" आम्ही काय बोलणार? खत नोंदलेले होते, म्हणून कचेरीतून नक्कल मिळाली. पण चार खेपा पडल्या, पैसेही गेले.

असे का झाले? पुठ्ठा म्हणजे कागदच. तो वाळवीचे खाद्य. तो चिकटवायला पिठाची खळ वापरतात. ती झुरळांना आवडते. शिवाय ओल लागली की पुठ्ठा मऊ पडतो. त्याचे बळ जाते.

म्हणून सांगतो, खोके जरूर वापरा. पण जमिनीचे कागद, दाखले, पासबुक पत्र्याच्या पेटीत ठेवा. पेटी विटांवर ठेवा, भिंतीपासून वीतभर दूर. पावसाळ्यात अधूनमधून उघडून पाहा. जादा खोकी कोरडी आहेत तोवर रद्दीवाल्याला द्या. त्यांचा पुन्हा पुठ्ठा होतो.

आज घरी गेलात की आपले कागद कोठे आहेत ते पाहा. एकेक काढून वाचा. आता ते तुम्हांला वाचता येतात. मग ते वाळवीच्या तोंडी का द्यायचे?