राजाची मूर्ती आणि माणसाचे मोल



बायबलच्या पहिल्याच अध्यायात असे सांगितले आहे की, देवाने मनुष्याला, स्त्री आणि पुरुष अशा दोघांनाही, आपल्या प्रतिरूपात घडविले. हे ऐकले की आपल्याकडील श्रोता लगेच मान डोलावतो. ‘आमचे वेदांती तरी दुसरे काय सांगतात?’ असे तो म्हणतो. आम्हांला वाटते, ही मान थोडी घाईने डोलते. जीव आणि ब्रह्म एक, असे येथे म्हटलेले नाही. मूर्ती ही राजा नव्हे. ती राजाची मूर्ती आहे, एवढेच. पण या ‘एवढेच’मध्ये केवढे सामर्थ्य भरले आहे, ते आज पाहावयाचे आहे.

हिब्रू भाषेत ‘प्रतिरूप’ यासाठी जो शब्द आहे तो ‘त्सेलेम’. हा तत्त्वज्ञानाचा शब्द नव्हे, पाथरवटाचा आहे. त्याचा साधा अर्थ घडविलेली मूर्ती, पुतळा. १९७९ साली सीरियाच्या ईशान्य भागात, तेल फेखेरिये येथे एका शेतकऱ्याला काळ्या बेसाल्ट दगडाचा माणसाएवढा पुतळा सापडला. हदद-यिसी नावाच्या स्थानिक अधिपतीचा हा पुतळा बहुतेक अभ्यासक ख्रिस्तपूर्व नवव्या शतकातला मानतात. त्यावर अश्शूरी आणि अरामी अशा दोन भाषांत लेख कोरला आहे. गंमत अशी की, उत्पत्तीच्या ग्रंथात ‘प्रतिरूप’ आणि ‘सारखेपणा’ असे जे दोन शब्द जोडीने येतात, त्यांचीच अरामी भावंडे या लेखात त्या एकाच पुतळ्याला उद्देशून आली आहेत.

राजे पुतळे का उभारीत? अश्शूरचे राजे जिंकलेल्या मुलखात आपली प्रतिमा कोरून ठेवीत. राजा दूर राजधानीत असे. प्रतिमा येथे त्याच्या नावाने उभी राही. तिचा अपमान म्हणजे राजाचा अपमान. आणि खुद्द राजा कोणाची प्रतिमा? तर देवाची! १९२२ साली ज्याचे थडगे सापडले आणि ज्याचे नाव शाळेतली मुलेही जाणतात, त्या तुतनखामेनच्या नावाचा अर्थच ‘आमोन देवाची जिवंत प्रतिमा’ असा आहे. मिसरात हा मान फेरोचा होता. शेत नांगरणाऱ्याला आणि विटा थापणाऱ्याला तो कोण देणार?

आता तो पहिला अध्याय पुन्हा वाचावा. पुष्कळ अभ्यासकांच्या मते त्याला आजचे रूप बाबिलोनच्या बंदिवासाच्या काळात, म्हणजे ख्रिस्तपूर्व सहाव्या शतकात आले. हे मत खरे असेल, तर राज्य गेलेले, मंदिर जळलेले, परमुलखात नेलेले लोक म्हणत होते की, देवाची प्रतिमा राजा नव्हे, माणूस आहे. हरएक माणूस, आणि बाईसुद्धा. आमच्या मते राजसत्तेला दिलेले याहून शांत आणि याहून कठोर उत्तर प्राचीन वाङ्मयात क्वचितच सापडेल.

देवाचे तेज यासाठीचा हिब्रू शब्दही पाहण्याजोगा आहे. तो ‘काबोद’; त्याच्या मुळाशी अर्थ आहे वजन, जडपणा. मराठी बायबलमध्ये येथे ‘गौरव’ शब्द येतो, आणि आपले ‘गौरव’ही ‘गुरु’ म्हणजे जड यावरूनच आलेले! दोन परक्या भाषांनी एकच तराजू वापरावा, हा योग सुंदर आहे. मात्र माणसाच्या ठायी हे तेज स्वतःचे नाही. पौलाने करिंथकरांना लिहिताना आरशाचा दाखला घेतला. त्या काळचा आरसा काचेचा नव्हे. घासून लखलखीत केलेल्या धातूचा. करिंथ तर काशाच्या कामासाठी प्रसिद्ध शहर. असा आरसा चार दिवस पडून राहिला की काळवंडतो, हे ज्या घरात तांब्यापितळेची भांडी आहेत त्या घरातील गृहिणीला आम्ही सांगावयास नको.

कोणी विचारील, हे वचन घरोघर वाचणाऱ्यांनीच गुलामांचा बाजार चालविला ना? चालविला. अमेरिकेत तर शतकानुशतके चालविला. हा आक्षेप खरा आहे, आणि तो गुळगुळीत करून टाळणाऱ्यांपैकी आम्ही नाही. पण त्याच वचनाने तो बाजार चव्हाट्यावरही आणला. चौथ्या शतकात निस्सा येथील बिशप ग्रेगरीने ‘उपदेशक’ या ग्रंथावर प्रवचन करताना गुलामांच्या धन्यांना सरळ विचारले की, देवाच्या प्रतिरूपाची किंमत तुम्ही किती नाण्यांत ठरविली? यहुदी आचार्यांनीही नाण्याचाच दाखला दिला, पण वेगळ्या अंगाने. राजा एका ठशाने पुष्कळ नाणी पाडतो, ती सारी एकसारखी निघतात. देव एकाच आद्य मानवाच्या ठशाने माणसे पाडतो, पण एक दुसऱ्यासारखा नसतो. म्हणून एक जीव वाचविणाऱ्याने जणू सारे जग वाचविले, असे त्यांचे म्हणणे आहे.

महाराष्ट्रात या वचनाची कसोटी केडगावला लागली. १८९६-९७ च्या दुष्काळात पंडिता रमाबाई मध्यप्रांतात गेल्या आणि उपासमारीने खंगलेल्या मुली घेऊन आल्या. त्यांत विधवा होत्या, टाकलेल्या होत्या, ज्यांना शिवण्यासही लोक कचरत अशा होत्या. बाईंनी त्यांना नुसते अन्न दिले नाही; अक्षर दिले, हातांना धंदा दिला, अंध मुलींना ब्रेल शिकविले. स्वतः उतारवयात हिब्रू आणि ग्रीक शिकून साध्या बायकांना कळेल असे बायबलचे मराठी भाषांतर केले. ते छापले मुक्तिसदनाच्याच छापखान्यात, आणि त्याचे खिळे जुळविले तेथल्याच बायकांनी. १९२४ साली संपूर्ण ग्रंथ बाहेर पडला, तेव्हा रमाबाई हयात नव्हत्या; १९२२ च्या एप्रिलमध्येच त्या वारल्या होत्या. गावाने ज्यांना ओझे मानले, त्यांच्याच बोटांनी ‘गौरव’ हा शब्द शिशाच्या खिळ्यांत जुळविला होता.