परदेशी कोण?



कार्यवाह मघाशी माझ्या कानाशी लागले, 'जरा गोड बोला, सणाचे दिवस आहेत.' गोड बोलायचं होतं तर अध्यक्ष बदलायचा होता. हा मान मूळ ज्यांचा, ते पाहुणे आलेच नाहीत. त्यांची खुर्ची अजून माझ्या शेजारी रिकामी आहे.

प्रास्ताविकात ऐकलं, 'इंदूरच्या या परदेशीपुऱ्यात आपण मराठी बाणा जपला.' बाणा कसला? मराठीत आपण परदेशी म्हणत आलो ते उत्तरेकडच्या माणसाला. आणि मल्हारराव होळकरांच्या घोडदळामागून माळव्यात आलो ते कोण? मालवा मिल, कल्याण मिल, हुकुमचंद मिल यांच्या भोंग्यावर एके काळी उठणारा हा भाग. इथे जो तो बाहेरचाच. मग आधी आलेल्यानं मागून आलेल्याला 'तू' म्हणावं, हे कुठल्या सनदेत लिहिलंय?

परवा सकाळी चौकात पोहे खात होतो. आपल्यातलेच एक निवृत्त गृहस्थ गाडीवाल्याला म्हणाले, 'भैया, जरा सेव डालिए.' गाडीवाला पंचविशीचा. शेजारी साठीला टेकलेला माणूस झाडत होता. त्याला म्हणाले, 'ए, इधर से हट.' तोंड तेच, घासही तोच. एवढंच की एकाच्या हातात झारा होता, दुसऱ्याच्या हातात झाडू.

2017पासून वर्षानुवर्षं इंदूर स्वच्छतेत देशात पहिलं आलं. दर वेळी आपण पेढे वाटतो. ज्यांनी शहर झाडलं त्यांच्या हातावर पेढा ठेवताना आपली बोटं किती उंच राहतात, ते एकदा बघा.

मी वेगळा नाही. आमच्या खिडकीत कान तुटलेला एक कप असायचा, झाडायला येणाऱ्या बाईंचा. आईनं तो कधी आत घेतला नाही. आई गेली तेव्हा तो कप मी दाढीचा ब्रश ठेवायला घेतला आणि समतेवर दोन लेख लिहिले. बाईंचं नाव मात्र मी कधीच विचारलं नव्हतं.

'आम्ही गिरणीवाले, आमच्यात भेद नव्हता,' असं इथले जुने लोक सांगतात. मुंबईच्या गिरण्यांत विणकामाच्या साचाखात्याचं दार अस्पृश्यांना बंद होतं, कारण धोट्यातला धागा तोंडानं ओढावा लागे. 1928च्या संपात डॉ. आंबेडकरांनी हा प्रश्न लावून धरला. ते जन्मले महूला, इथून तासाभराच्या वाटेवर. पुण्याच्या सहली काढणाऱ्या आपल्या मंडळाची एक तरी बस महूला गेली का?

हुकुमचंद मिल बंद पडल्यावर कामगारांनी हक्काच्या पैशांसाठी तीस वर्षं वाट पाहिली. 25 डिसेंबर 2023ला 224 कोटींचा धनादेश निघाला, तोवर कित्येक जण गेले होते. त्या वर्षांत खुर्चीवरच्या माणसानं 'तू कोण?' विचारलं की कसं लागतं, हे या भागानं पुरतं भोगलंय. आणि घरी येताना तोच 'तू' भंगारवाल्या पोराच्या अंगावर टाकलाय.

कार्यवाह घड्याळ दाखवताहेत. दाखवा. सकाळपासून ज्यांनी इथल्या सतरंज्या घातल्या, ते दादा अजून दाराशी उभे आहेत आणि माझ्या शेजारची खुर्ची रिकामी आहे. दादा, चपला राहू द्या पायात. वर या.