परदेशगमनाचा परवाना निवडताना

(ज्ञातीच्या वार्षिक संमेलनात विद्यार्थी व पालक यांच्यासमोर केलेले भाषण)



कार्यकारी मंडळाने हा विषय मजकडे सोपविला तेव्हा प्रथम मी नकारच दिला. मॅट्रिकपर्यंत शिकलेल्या आणि सारा जन्म खडू-फळ्यात घालविलेल्या माणसाने अमेरिकेच्या कायद्यावर काय बोलावे? परंतु माझ्या भाच्याच्या निमित्ताने हे कागद मला चिकाटीने वाचावे लागले. वाचता वाचता असे ध्यानात आले की, आपली मुले कोणत्या महाविद्यालयात जावे याचा वर्षभर खल करतात. पण ज्या परवान्यावर पुढील वीस वर्षे काढावयाची, तो मात्र कंपनी देईल तो मुकाट्याने घेतात.

१८८३ साली आनंदीबाई जोशी वैद्यकी शिकण्यास बोटीने अमेरिकेस गेल्या, तेव्हा व्हिसाचा प्रश्नच नव्हता. पुढे १९१७ च्या कायद्याने आपल्याला दार बंद झाले, १९४६ साली वर्षाला शंभर हिंदी माणसांपुरते किलकिले झाले आणि १९६५ च्या कायद्यानंतर ते खऱ्या अर्थाने उघडले. आज जे परवाने आपण ऐकतो त्यांची घडण मुख्यतः १९९० च्या कायद्याची आहे.

आता भाच्याची हकीकत सांगतो. तो पुण्यात एका संगणक-कंपनीत आठ वर्षे नोकरीस होता. त्याच्यापुढे एकाच महिन्यात दोन मार्ग आले. त्याची कंपनी त्यास आपल्याच अमेरिकेतील कचेरीत 'एल-वन' परवान्यावर धाडावयास तयार होती. तर तिकडची दुसरी एक कंपनी 'एच-वन-बी'साठी त्याचे नाव नोंदवू म्हणत होती. बहीण म्हणाली, "दादा, तूच सांग, यातला कोणता घ्यावा?" तिला घाई होती. लोकांत बातमी फुटली होती आणि पेढेही वाटून झाले होते.

एच-वन-बीची गोष्ट अशी की, त्याच्या जागा वर्षाला ६५,००० आणि अमेरिकेत उच्च पदवी घेतलेल्यांसाठी आणखी २०,०००. मागणी याहून फार मोठी, म्हणून मार्चमध्ये नावे नोंदवून सोडत काढतात. तो प्रथम तीन वर्षांचा व एकूण सहा वर्षांचा असतो. मात्र कायम वास्तव्याचा अर्ज मंजूर होऊन माणूस रांगेत उभा असेल, तर सहा वर्षांपुढेही वाढवून मिळतो. शिवाय मालक बदलता येतो, हा त्याचा मोठा गुण. २०२५ च्या सप्टेंबरात मात्र तेथील अध्यक्षांनी घोषणा काढून, अमेरिकेबाहेरील उमेदवाराच्या नव्या अर्जावर एक लक्ष डॉलरचा भार घातला. घोषणेची मुदत बारा महिन्यांची ठेवून ती वाढविण्याची सोयही त्यातच केली. एवढी रक्कम नवख्या माणसासाठी भरणारा मालक विरळाच.

एल-वनला सोडत नाही, जागांची मर्यादा नाही आणि पत्नीस नोकरी करता येते. अट एवढीच की, मागील तीन वर्षांत निदान एक वर्ष सलग त्याच कंपनीची नोकरी परदेशात झालेली असावी. ऐकावयास फार गोड! पण यात दोन पोटभेद आहेत आणि सारी मेख तेथेच आहे. विशेष ज्ञानासाठी नेलेल्या माणसास पाच वर्षे, व्यवस्थापक म्हणून नेलेल्यास सात. दोहोंतही मालक बदलता येत नाही. नोकरी गेली की परवानाही गेला. आणि पहिल्या प्रकारच्या माणसास पाच वर्षे सरल्यावर राहावयाचे असेल, तर पुन्हा त्याच सोडतीच्या दारात उभे राहावे लागते. तेथे गेल्यावरही एल-वनवर काढलेली वर्षे सहांतून वजा होतात.

आता रांगेविषयी. नोकरीच्या आधारे कायम वास्तव्य, ज्यास ग्रीन कार्ड म्हणतात, वर्षाला सुमारे १,४०,००० लोकांस मिळते. यात बायकामुलेही मोजतात. त्यातून साधारणपणे कोणत्याही एका देशास ७ टक्क्यांहून अधिक वाटा नाही. देश म्हणजे जन्माचा देश, नागरिकत्वाचा नव्हे. (आपल्यापैकी जे मस्कतमध्ये किंवा कुवेतमध्ये जन्मले, त्यांनी हे वाक्य पुन्हा वाचावे, पतीपत्नींपैकी एकाचा असा जन्म दुसऱ्याच्याही कामी येतो.) २०२५ च्या अखेरीस दुसऱ्या व तिसऱ्या वर्गात भारतात जन्मलेल्यांपैकी २०१३ साली रांगेत शिरलेल्यांची पाळी आली होती, पहिल्या वर्गात २०२२ सालच्यांची. मागे उभ्या असलेल्यांची संख्या वाढतच गेली असल्याने, आज उभा राहणाऱ्यास बारा वर्षांतच पाळी येईल हा हिशेबही भाबडाच ठरेल.

माझ्या भाच्याची मुलगी तेव्हा नऊ वर्षांची होती. मुलगी एकवीस वर्षांची झाली की ती आईबापांच्या अर्जातून बाहेर पडते. अर्ज कचेरीत तपासणीसाठी पडून राहिला तेवढे दिवस तिच्या वयातून वजा करतात. रांगेतील वर्षे करीत नाहीत. मी पाटीवर बेरीज मांडून बहिणीस दाखविली. नऊ आणि बारा एकवीस. ती बराच वेळ काही बोलली नाही.

काहीजण सांगत होते, 'ओ-वन' घ्या, त्यात असामान्य गुणवत्तेचा मान आहे. तोही सोडतीवाचून मिळतो. आठ कसोट्यांपैकी निदान तीन पुऱ्या कराव्या लागतात. पण पत्नीस त्यावर नोकरी करता येत नाही. ज्याचे संशोधन खरोखर नावाजले आहे त्याने तो अवश्य पाहावा, आणि तशा माणसास पहिल्या वर्गात मालकाशिवाय स्वतःच अर्ज करता येतो. परंतु पैसे देऊन पुरस्कार व निबंध मिळवून देणारे दलाल हल्ली फिरू लागले आहेत, त्यांना मी आमच्या वेळच्या गाईड छापणाऱ्यांचेच भाऊबंद समजतो. दुसरा गैरसमज 'राष्ट्रहिता'च्या सवलतीविषयी आहे. तीत मालकाची अट माफ होते, रांग माफ होत नाही. तो अर्ज दुसऱ्याच वर्गात बसतो.

भाच्याचा निकाल शेवटी असा लागला. बहुराष्ट्रीय कंपनीच्या व्यवस्थापकास पहिल्या वर्गात स्थान आहे. पण त्यासाठी परदेशातील कामही निदान एक वर्ष व्यवस्थापकाचेच झालेले असावे लागते. त्याची कंपनी त्यास विशेष ज्ञानाच्या सदरात नेणार होती. मी म्हटले, "बाबा, एक वर्ष पुण्यातच थांब, खरे व्यवस्थापकपद माग आणि मग जा." नुसते पत्रावर हुद्दा लिहून घेणे ही लबाडी आहे, व वकिलातीतील अधिकारी हाताखाली किती माणसे, त्यांना कामावर कोण घेतो, कोण काढतो, हे विचारतोच. "मामा, वर्षभरात कंपनीचे मन फिरले तर?" असे तो म्हणाला. या प्रश्नास मजजवळ उत्तर नव्हते, आजही नाही.

त्याने थांबावयाचे ठरविले. त्यास व्यवस्थापकपद मिळाले असून हाताखाली सात माणसे आहेत. वर्ष पुरे होण्यास अजून चार महिने अवकाश आहे. बहीण मजशी पूर्वीसारखी बोलत नाही. मधल्या काळात त्याने कंपनीस व वकिलास विचारलेल्या प्रश्नांची प्रत मी ज्ञातिगृहाच्या कचेरीत ठेविली आहे. ज्यांस हवी असेल त्यांनी नकलून घ्यावी.