परदेशातल्या लग्नाला निघताना



पूर्वी लग्नाला जायचं म्हणजे दोन दिवस आधी एसटीनं निघायचं, कार्यालयात सतरंजीवर पथारी टाकायची आणि वरातीनंतर परत फिरायचं. आता भाच्याच्या लग्नाचं आमंत्रण मोबाइलवर येतं आणि ठिकाण असतं फुकेत, नाहीतर हुआ हिन, नाहीतर बाली. गेल्या काही महिन्यांत तुमच्यापैकी बऱ्याच जणींनी आम्हाला विचारलं, ‘आम्ही कधी परदेशात गेलेलो नाही. हे जमवायचं कसं?’ म्हणून आमच्यातल्या ज्या अशा लग्नांना जाऊन आल्या, त्यांना बोलतं करून आम्ही आजचं बोलणं तयार केलंय. उदाहरण थायलंडचं घेतलंय, कारण आपल्याकडची बरीच लग्नं तिथं होतात. दुसऱ्या देशाचे नियम वेगळे असतील, पण विचारायचे प्रश्न साधारण हेच.

सगळ्यात पहिला प्रश्न कुणी मोठ्यानं विचारत नाही. खर्च कुणाचा? काही घरची मंडळी विमानासकट सगळं करतात, काही फक्त खोली देतात, काही फक्त जेवणखाण. आमंत्रणात हे लिहिलेलं नसतं आणि आपण संकोचानं विचारत नाही. मग ऐनवेळी कळतं की तीन रात्रींचं भाडं आपल्यालाच द्यायचंय. आमचं म्हणणं, आमंत्रण आल्यावर आठवड्याच्या आत फोन करावा आणि सरळ विचारावं, ‘वहिनी, खोलीचं तुम्ही बघताय की आम्ही करू? म्हणजे मला तयारीला लागता येईल.’ यात काही वाईट दिसत नाही. उलट त्यांनाही खोल्यांचा आकडा हॉटेलला कळवायचा असतो.

मग कागदावर हिशेब मांडा. तिकीट, खोली, विमानतळावरून जाण्यायेण्याची गाडी, विमा, एखाद्या वेळचं बाहेरचं जेवण, नवे कपडे, आहेर. बेरीज झेपत नसेल तर नाही म्हणा, आणि लवकर म्हणा. दागिना गहाण ठेवून लग्नाला जाऊ नये. ज्या भाचीला आपण अंगाखांद्यावर खेळवलं, तिच्या लग्नाला नसणं सोपं नाही, हे आम्हाला माहीत आहे. पण घरी केळवणाला बोलावून, परत आल्यावर जोडप्याला जेवायला घालून, साडी-पोशाख देऊन नातं तेवढंच राहतं. आणि घरातल्या एकानंच जायचं ठरलं, तर दर वेळी पुरुषानंच जावं असंही काही नाही.

जायचं ठरलं तर आधी पासपोर्ट काढून बघा. परदेशात उतरण्याच्या दिवशी त्याची मुदत निदान सहा महिने शिल्लक असावी. नवा काढायचा किंवा नूतनीकरण करायचं असेल तर तीन महिने हातात ठेवा, कारण पोलीस पडताळणीला किती दिवस लागतील हे आपल्या हातात नसतं.

बायकांचा खास घोळ नावाचा. आधारकार्डावर सासरचं आडनाव, पासपोर्टवर माहेरचं, आणि तिकीट काढणारा पुतण्या हाक मारायच्या नावानं तिकीट काढतो. तिकिटावर पासपोर्टवरचंच नाव हवं, तसंच्या तसं. म्हणून तिकीट काढणाऱ्याला नाव तोंडी सांगू नका, पासपोर्टच्या पानाचा फोटो पाठवा. तिकीट आल्यावर स्वतः अक्षर न् अक्षर ताडून बघा. इंग्रजी वाचता येत नसेल तर शाळेत जाणाऱ्या मुलीकडून ताडून घ्या.

आणखी एक गोष्ट आमच्या कितीतरी मावश्यांना, आत्यांना घाबरवते. दहावी न झालेल्या व्यक्तीच्या पासपोर्टवर ‘ईसीआर’ असा शेरा असू शकतो. अठरा देशांत नोकरीसाठी जाताना अशा व्यक्तीला सरकारची परवानगी लागते. त्या यादीत थायलंड आहे, इंडोनेशिया, मलेशिया, अमिरातीही आहेत. पण हा नियम नोकरीसाठी आहे. लग्नाला किंवा फिरायला जाणाऱ्या बाईला ती परवानगी लागत नाही. मात्र विमानतळावर जास्त प्रश्न विचारले जाऊ शकतात. अशा वेळी परतीचं तिकीट, हॉटेलचं आरक्षण आणि लग्नपत्रिका, तिन्ही छापलेल्या कागदावर जवळ ठेवा. सातवी शिकलेल्या मावशीला एकटीला वेगळ्या विमानानं पाठवू नका. तिच्या रांगेत घरचं कुणीतरी मागे उभं असू दे. ‘माझ्यामुळे सगळे अडकतील’ या भीतीनं तिनं घरी बसू नये.

व्हिसाबद्दल. २०२४ च्या जुलैपासून थायलंडनं भारतीय पर्यटकांना साठ दिवसांपर्यंत व्हिसाशिवाय येऊ द्यायला सुरुवात केली. असे नियम सरकारं बदलत असतात. म्हणून तिकीट काढण्याआधी थाई दूतावासाच्या संकेतस्थळावर ताजा नियम बघायचाच. १ मे २०२५ पासून आणखी एक गोष्ट आली, ती म्हणजे डिजिटल आगमन पत्र. पोचण्याआधीच्या तीन दिवसांत ते ऑनलाइन भरायचं असतं. त्यात पासपोर्ट क्रमांक, विमानाचा क्रमांक आणि राहण्याचा पत्ता लागतो. हे पत्र फुकट आहे. त्यासाठी पैसे मागणारी संकेतस्थळं दिसली तर ती सरकारी नाहीत असं समजा. भरलेलं पत्र फोनमध्ये ठेवा आणि छापूनही घ्या.

आता विमान. मुंबईहून बँकॉकला साधारण चार-साडेचार तास लागतात. बँकॉकला विमानतळ दोन आहेत, सुवर्णभूमी आणि डॉन मुआंग. एका ठिकाणी उतरून दुसऱ्या ठिकाणाहून फुकेतचं विमान पकडायचं असेल, तर मध्ये शहराची वाहतूक आडवी येते. एकाच विमानतळावरून पुढचं तिकीट घ्या किंवा मध्ये भरपूर वेळ ठेवा. तिथलं घड्याळ आपल्यापुढे दीड तास असतं. मुहूर्त तिथल्या वेळेनं असतो, हे हातातल्या घड्याळाच्या बायकांनी लक्षात ठेवावं.

राहण्याकडे वळू, कारण खरी अडचण इथंच होते. फुकेत हे मोठं बेट आहे. विमानतळ उत्तरेला, आणि पाटोंग, करोन, काटा हे गजबजलेले किनारे खाली पश्चिमेला. काटाला जायला तासाहून जास्त वेळ लागू शकतो. लग्नाचं रिसॉर्ट परवडत नाही म्हणून स्वस्त गेस्ट हाउस घेतलं आणि ते दुसऱ्या किनाऱ्यावर निघालं, तर वाचलेले पैसे टॅक्सीत जातात. शिवाय संगीत संपल्यावर रात्री बाराला शालू नेसून गाडी शोधत उभं राहावं लागतं. म्हणून खोली घेण्याआधी नकाशावर अंतर बघा आणि यजमानांना विचारा, की रात्री सोडायला गाडी आहे का. बाहेर राहणारी तीन-चार कुटुंबं एकत्र असली तर एक व्हॅन ठरवून घेणं बरं पडतं.

खोली ठरवताना चार गोष्टी विचारा. एक, पलंग कसा आहे? ‘डबल’ म्हणजे एकच मोठा पलंग, ‘ट्विन’ म्हणजे दोन वेगळे. नणंद-भावजयीला हा फरक आधी कळलेला बरा. दोन, पायऱ्या किती? फुकेतची बरीच रिसॉर्टं टेकडीच्या उतारावर आहेत. गुडघे दुखणाऱ्या आजींना खालची खोली किंवा लिफ्टजवळची खोली मागा. तीन, न्हाणीघर कसं आहे? टबात पाय उचलून चढावं लागलं तर म्हातारं माणूस घसरतं. साधा शॉवर मागा. संडासात पाण्याचा फवारा तिथं बहुतेक ठिकाणी असतो, ती काळजी नको. चार, खोली कधी मिळणार? बहुतेक ठिकाणी दुपारी दोननंतर मिळते. रात्रीच्या विमानानं पहाटे पोचलात तर सामान ठेवायची आणि तोंड धुवून कपडे बदलायची सोय विचारून ठेवा. हॉटेलं येताना अनामत रक्कमही मागतात. ती निघताना परत मिळते, पण तेवढे पैसे हाताशी हवेत. फ्रिजमधलं चॉकलेट आणि थंड पेय फुकट नसतं, हे पोरांना पहिल्याच दिवशी सांगा.

खोल्या वाटताना एक अन्याय सर्रास होतो. जोडप्यांना खोल्या मिळतात आणि एकटी बाई उरते. अविवाहित आत्या, विधवा काकू, नवऱ्यापासून वेगळी झालेली बहीण. तिला कुणाच्या तरी खोलीत जादा गादीवर टाकतात आणि त्या खोलीतली पोरंही सांभाळायला देतात. यजमान घरातल्या मैत्रिणींना आमची विनंती आहे, की अशा दोघींना मिळून एक ट्विन खोली द्या. आणि ज्या पाहुण्या एकट्या आहेत, त्यांनी स्वतः आपली जोडीदारीण शोधून यजमानांना कळवावं, ‘मी आणि सुमनमावशी एकत्र राहू.’ ठरवून सांगितलं की सहसा कुणी मोडत नाही.

दागिन्यांबद्दल मात्र नीट ऐका. जाताना खूप सोनं घालून गेलात आणि येताना कस्टमनं विचारलं, ‘हे तिकडं घेतलं का?’ तर पुरावा काय दाखवणार? म्हणून पाटल्या, तोडे, राणीहार असं जड सोनं न्यायचंच असेल, तर निघताना भारतातल्या विमानतळावर कस्टमच्या टेबलावर दाखवून निर्यात प्रमाणपत्र घ्यावं. त्यासाठी दागिन्यांचे फोटो, पावत्या किंवा मान्यताप्राप्त मूल्यनिर्धारकाचा दाखला जवळ ठेवा आणि दीड-दोन तास जास्तीचे ठेवा. आमचा सल्ला विचाराल तर रोजचं मंगळसूत्र, बांगड्या, नथ एवढं खरं, बाकी एक ग्रॅमचं. फोटोत दोन्ही सारखंच दिसतं, आणि खोलीला कुलूप लावून समुद्रावर गेल्यावर जीव टांगणीला लागत नाही. जे काही नेलंय ते दागिने, पैसे, औषधं हातातल्या पिशवीत. चेक-इनच्या बॅगेत कधीच नाही.

हातातल्या पिशवीत मुहूर्ताची एक साडी, परकर-पोलक्यासकट, ठेवाच. मोठी बॅग मागे राहिली तरी लग्न अडत नाही. पॉवर बँकही हातातच, मोठ्या बॅगेत चालत नाही. सुकं खोबरं, कापूर, काडेपेटी नेऊ नका. हे पेट घेणारे जिन्नस म्हणून अडवतात. ओटीचा नारळ, झेंडूची फुलं, केळीची पानं तिथं भरपूर मिळतात. बँकॉकचा पाक ख्लोंग हा फूलबाजार तर रात्रंदिवस चालतो. हळदकुंकू, अक्षता, मुंडावळ्या एवढं यजमानांनी न्यावं.

शाकाहारी मैत्रिणींनी एक शब्द पाठ करावा, ‘जे’. थायलंडमध्ये जे म्हणजे मांस, मासे, अंडी तर नाहीच, कांदा-लसूणही नाही. दुकानावर पिवळ्या झेंड्यावर लाल अक्षरात तो लिहिलेला असतो. ‘मांगसाविरत’ हा दुसरा शब्द, आपल्याच मांस-विरतीतून गेलेला, पण त्यात अंडं असू शकतं. नुसतं ‘भाजी द्या’ म्हटलं तर त्यात माशाचा सॉस, नाम प्ला, पडतो. नळाचं पाणी पिऊ नका.

औषधं डॉक्टरांच्या चिठ्ठीसकट आणि मूळ पाकिटात न्या. झोपेच्या आणि जोरदार वेदनाशामक गोळ्यांवर तिथं निर्बंध आहेत, आधी चौकशी करा. ई-सिगारेटवर थायलंडमध्ये बंदी आहे, हे घरातल्या तरुण मुलांना निघण्याआधी बजावा. प्रवास विमा घ्या आणि त्यात जुने आजार धरलेत का ते वाचा. मे ते ऑक्टोबर फुकेतला पावसाळा असतो आणि समुद्र खवळतो. किनाऱ्यावर लाल झेंडा दिसला की पाण्यात उतरायचं नाही, नवरदेवाचे मित्र कितीही ओढोत. पर्यटक पोलिसांचा क्रमांक ११५५, रुग्णवाहिकेचा १६६९. हॉटेलचं कार्ड प्रत्येकीच्या पर्समध्ये असू दे. भाषा आली नाही तरी गाडीवाला कार्ड बघून परत आणून सोडतो.

देवळात जाल तेव्हा खांदे आणि गुडघे झाकलेले हवेत. भिक्खूंना बायकांनी स्पर्श करायचा नसतो. लहान मूल गोड दिसलं तरी डोक्यावरून हात फिरवू नका, डोकं तिथं पवित्र मानतात. राजाराणीच्या फोटोबद्दल थट्टा तर अजिबात नको, त्याला कायद्यानं कडक शिक्षा आहे.

आजचं हे बोलणं ऐकून एखादीनं आज रात्री पासपोर्ट काढून त्यावरचं नाव आणि तारीख बघितली, तरी आम्हाला समाधान आहे. आणि घरात कुणी मावशी ‘मला काय कळतंय विमानातलं’ म्हणत मागे सरत असेल, तर तिच्याशेजारी बसून हे सगळं तिला एकदा सांगा.